बायनाबाईची उलटी गाठ

बायनाबाईचा विनोदवर भरवसा नव्हता, आणि तिनं ते कधी लपवलंही नाही. विनोद ग्रामसभेचा सचिव. कागद त्याच्याकडे, खोलीची चावी त्याच्याकडे, आणि बांबूच्या ठेकेदाराच्या माणसासोबत चहा पिताना दिसलेलाही तोच. अशाच्या हातात गावाचं जंगल कसं द्यायचं, हा तिचा सवाल.

जंगल आता एका टॅबमध्ये होतं. नऊ दिवस पायी फिरून गावानं हद्दीच्या एक्केचाळीस खुणा त्यात घेतल्या होत्या. त्याआधीचा टॅब सायकलवरून पडला होता, काच फुटली आणि तेव्हाची सारी मेहनत मातीत गेली होती. सोमवारी कुरखेड्याला वनहक्काच्या बैठकीत खुणा दाखवता आल्या नाहीत, तर साहेब लोक आखतील ती हद्द. विनोद म्हणाला, बाजारातून कव्हर आणतो. चौथी शिकलेली, पण नकाशा स्वतःच वाचायला शिकलेली बायनाबाई म्हणाली, काही गरज नाही, मीच शिवते.

तिनं घरातलंच काढलं. सायकलची फाटकी ट्यूब चिरून तिच्या पट्ट्या कडांना लावल्या. लहानूच्या, म्हणजे नवऱ्याच्या, झिजल्या चपलांचे तळ कापून कोपऱ्यांत भरले. आत जुन्या लुगड्याचे तीन पदर, वरून तागाचं पोतं. मग आत नातीची पाटी घालून ओट्यावरून दोनदा खाली टाकलं. पाटी शाबूत.

पिशवीचं तोंड तिनं तेंदूपानाचा पुडा बांधतात तसं आवळलं. ती डावखुरी, तिची गाठ उलटी पडते. दुसऱ्या कुणी सोडून बांधली की सुलटी दिसणार. टॅब रात्री विनोदच्या कुलपात राही. रोज सकाळी ती काहीतरी निमित्त काढून जाई आणि गाठ पाही.

सोमवारी ती विनोदच्या मोटारसायकलवर मागं बसली, पिशवी पोटाशी. वाटेत नाक्यावर पोलीस तपासणीवाल्यानं अडवलं आणि नाक आक्रसलं. दारूबंदीचा जिल्हा, अन् पिशवीला मोहाचा वास! पोतं पाच वर्षं मोहफुलांचं होतं. राखेनं तीनदा धुतलेलं. वास उरलाय हे तिच्या नाकाला कळलंच नव्हतं, कारण तिच्या घरालाच तो वास. उघडा, नाहीतर पिशवी इथंच ठेवा, तो म्हणाला. बैठक अकराची.

बायनाबाईचं टाळकं सणकलं. हा रस्ता विनोदनंच धरला होता. ठरवून तर नाही? उघडल्याबरोबर टॅब हिसकावला तर? तिनं पिशवी आणखी आवळली. तपासणीवाल्यानं मग विनोदला गाठ सोडायला सांगितलं. विनोदनं हात मागं घेतले.

"मी नाई सोडत, साहेब. या गाठीले माह्या हात लागला तर बाई मले जन्मभर चोर म्हणन."

"तुले कोणं सांगतलं?" बायनाबाईनं विचारलं.

"रोज सकाळी येऊन तुमी गाठ पाहून राह्यल्या. मी काय आंधळा आहो?"

बायनाबाईनं स्वतःच गाठ सोडली. टॅब निघाला, हिरवा नकाशा उजळला. तपासणीवाल्यानं आत हात घालून चपलेचा तुकडा काढला, हुंगला, आणि जा म्हणाला.

बैठकीत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खुणा साहेबांनी मान्य केल्या. बायनाबाईला लेकीकडे थांबायचं होतं. तिनं पिशवी बांधली आणि, जरा वेळ लावूनच, विनोदच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामसभेच्या खोलीवर गेली. गाठ उलटीच होती. तिनं एकदा पाहिली. मग विनोद पाणी आणायला वळला, तेव्हा आणखी एकदा.