तीन नंबरचा कागद

उस्तिन्याचं मत तिच्या सासऱ्याने, म्हाताऱ्या येवसेयने, विडीत वळून ओढलं. झार गादीवरून उतरला त्याच वर्षातला हा नोव्हेंबर. देशाची मोठी निवडणूक आली होती आणि या खेपेला बायकांनाही मत होतं. माणसागणिक कागदांची एकेक जुडी घरोघर वाटली गेली. दर पक्षाचा एक कागद, वर त्याचा नंबर. हवा तो कागद पाकिटात घालून शाळेतल्या पेटीत टाकायचा आणि बाकीचे फेकून द्यायचे. आता लढाईपायी दुकानात कागदाचं चिटोरंही मिळत नसताना एवढा छान पातळ कागद कोण फेकेल? गोरेल्का गावातल्या पुरुषांनी आधी गावसभा भरवली. पाच नंबरवाले जमीन देणार होते, म्हणून आख्खं गाव पाच नंबरला, असा ठराव झाला. मग उरलेल्या कागदांत तंबाखू भरून सगळे निवांत बसले.

उस्तिन्याला तीन नंबर हवा होता. चहाच्या दुकानापुढे एक लंगडा शिपाई सांगून गेला होता की तीन नंबरवाले आधी लढाई थांबवतील, माणसं घरी आणतील. खरं बोलला की थापा मारल्या, देव जाणे. पण तिचा नवरा प्रोखोर तिसरा हिवाळा खंदकात काढत होता, आणि एवढं बोलणारा दुसरा कुणी तिला भेटला नव्हता.

"बाबा, माझी जुडी?"

"ही घे." येवसेयने पाच नंबर पुढे केला.

"आणि बाकीचे?"

"हे काय, घरभर झालेत." त्याने धूर सोडला.

"ते माझे होते."

"एका घरात चूल एक, तसं मत एक. सभेत ठरलंय. तू काय गावापेक्षा शहाणी?"

"गावाचं गाव बघेल. मला माझा माणूस परत हवाय."

"तो माझा पोरगा नाही?" म्हातारा कडाडला. "परत येऊन खाईल काय? माती? त्याला जमीन नको?"

सासू सोलोमोनिदा चुलीपाशी कोबी चिरत होती. या घरात तिने तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं. आताही तिने मान वर केली नाही.

उस्तिन्याने शाल घेतली आणि ती दारोदार फिरली. कुठे कागद जळून गेलेले, कुठे पोरांनी होड्या केलेल्या. "सासऱ्याला सांगू का गं?" म्हणून लोहाराने हसून घेतलं. "सांगा की, मी पण सांगूनच आलेय," ती म्हणाली आणि पुढच्या दाराला गेली. गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या फेव्रोन्या म्हातारीकडे तिला तीन नंबर दिसला. म्हातारीने थंडी अडवायला तो खिडकीच्या फटीवर खळीने चिकटवला होता.

"काढ हवा तर," फेव्रोन्या म्हणाली. "पण वारा शिरला तर माझी हाडं गोठतील, तुझ्या निवडणुकीची नाही."

उस्तिन्याने कढत पाण्याचं फडकं लावून कागद सोडवला, शालीचा काठ टरकावला आणि फटीत घट्ट कोंबला. रविवारी शाळेत तो खरबरीत कागद तिने स्वतःच्या हाताने पेटीत टाकला. मागे येवसेय उभा होता. पाकिटाच्या आतलं त्याला थोडंच दिसणार?

मतं मोजून झाल्यावर मास्तरांनी निकाल वाचला, तेव्हा सगळं गाव शाळेत दाटलं होतं. "गोरेल्का. सगळी मतं पाच नंबरला." पुरुष खूश होऊन एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. "दोन सोडून. दोन आहेत तीन नंबरला. एकाला खळ लागलीय आणि एकाची पार चुरगळून गोळी झालीय."

"कुणी टाकली?" येवसेय ओरडला.

मास्तर म्हणाले की हे विचारायचं नसतं. पण उस्तिन्या उठून उभी राहिली.

"खळीचा कागद माझा. परत निवडणूक आली तर परत टाकेन."

"आणि दुसरा?"

गावाचा एकोपा मोडणारा घरभेदी कोण, म्हणून पुरुष एकमेकांची तोंडं बघत राहिले. बायकांकडे एकानेही पाहिलं नाही.

घरी येवसेय रागाने न जेवता मोठ्या चुलीवरच्या उबदार ओट्यावर चढून निजला. उस्तिन्या भांडी घासायला बसली, तशी सासू शेजारी येऊन टेकली. तिने डोक्याचा रुमाल सोडला. त्याच्या टोकाला सोडलेल्या गाठीच्या सुरकुत्या अजून होत्या.

"तू दारोदार फिरत होतीस, ते बघत होते मी," सोलोमोनिदा हळूच म्हणाली. "जीव तुटत होता गं. पण वाटपाच्या दिवशी जुड्या ह्यांच्या हाती पडायच्या आत मला एकच कागद या गाठीत लपवता आला."

"मग मला का नाही दिलात, आई?"

"कशी देऊ? तो माझा होता."