दसरूभाऊंची दहा बोटं

फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. झाडं तोडणाऱ्या दसरूभाऊंच्या शेजाऱ्याचा फोन होता. "बाई, दसरूभाऊ गेले जी," तो म्हणाला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कसे?" त्याला तो प्रश्नच कळला नाही. "कसे म्हंजे? खाटेवर. सकायी पेज पिले, आंग टेकवले, अन् गेले." मी पुन्हा विचारलं, "झाडाखाली नाही ना? मशीनने नाही ना?" तो जरा चिडूनच बोलला, "कोन्तं झाड, बाई? दोन महिन्यापासून मशीनले हात नाई लावला त्याईनं." मी खुर्चीत बसले आणि सतरा वर्षं छातीत धरून ठेवलेला श्वास सोडला… हो, मला सुटल्यासारखं वाटलं. एक भला माणूस गेल्याची बातमी ऐकून सुटल्यासारखं वाटावं, याची त्या दिवशी फार लाज वाटली. आता सहा आठवडे झाले. लाज गेली आहे, सुटका राहिली आहे. ती कशाची, हे तुम्हा नातवंडांना सांगायला हवं. तुम्ही तिकडे सातासमुद्रापार राहता आणि व्हिडिओ कॉलवर आजी आधी दोन्ही हात का दाखवायला लावते, असं दर वेळी विचारता. हात धुतलेत का ते ती बघते, असा तुमचा समज आहे. तसं नाही.

आपल्या आरमोरीच्या घरामागची चिंच तुम्हाला आठवत असेल. तिची एक फांदी स्वयंपाकघराच्या कौलांवर टेकली होती. ती कापायला दसरूभाऊ आणि त्यांचा मोठा भाऊ पहिल्यांदा आले, तेव्हा मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. दोघांनी तरुणपणी आलापल्लीकडच्या सागवानाच्या जंगलात आरा ओढला होता. आरा म्हणजे दोन माणसांची करवत, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. ते काम करताना बोलत नसत. एकाने ओढलं की दुसरा सैल सोडायचा, एकाचा दम लागला की दुसऱ्याला न सांगता कळायचं. झाडाला हात लावण्याआधी दसरूभाऊ त्याच्याभोवती एक फेरी मारत, वर बघत. तेव्हा कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. मी एकदा मध्येच चहाचं विचारलं, तर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा फेरी मारली.

मग मोठ्या भावाचे गुडघे गेले. आऱ्याचं एक टोक रिकामं झालं. दसरूभाऊ दुसऱ्या कोणाबरोबर आरा ओढून पाहत, पण जमेना. खांदा दुखे, आणि काम तर रोज येत होतं. कोणाच्या छपरावर फांदी, कोणाच्या विजेच्या तारेवर बाभूळ, वादळानंतर रस्त्यावर आडवं पडलेलं झाड. मीच त्यांना म्हटलं, "भाऊ, आता चेनसॉ घ्या, साखळीची करवत. एका माणसाचं काम आहे." माहितीपुस्तक इंग्रजीत असेल तर ते मी वाचून देईन, असंही कबूल केलं. त्यांची बायको मैनाबाई दारातच बसली होती. ती म्हणाली, "बाई, आरा मान्साबरोबर थकते. मानूस थांबला का तोही थांबते. हे मशीन थकत नाई." मी तिला समजावू लागले, तर तिने मला हातानेच थांबवलं. "तुमी घ्याले सांगून राह्यले, तर याचे हात तुमच्या जिम्म्यावर. दहा आहेत. दहाच्या दहा मले वापस पायजेत." ती हसली नाही. मीही नाही. मी "बरं" म्हटलं, आणि तिथून पुढे ते "बरं" माझ्या मानेवर बसलं.

मशीन घ्यायला दसरूभाऊ, तुमचे आजोबा आणि मी, असे तिघं चंद्रपूरला गेलो. दुकानदाराने सगळ्यात लांब पात्याची मशीन पुढे केली. "तोडायचंच आहे तर मोठी घ्या, भाऊ!" दसरूभाऊंनी ती उचलली, हात लांब करून धरली, आणि तशीच धरून उभे राहिले. दुकानदाराने आमच्यासाठी चहा ओतला, तोवर त्यांचं मनगट थरथरायला लागलं. त्यांनी ती खाली ठेवली. "ही माह्याहून ताकतवान आहे. मले माह्याहून कमजोर पायजे." दुसरी स्वस्त होती, पण तिच्या पुढच्या मुठीसमोरची पट्टी लुळी पडली होती. त्या पट्टीबद्दल मी दुकानातल्या माहितीपुस्तकात नुकतंच वाचलं होतं. मशीन उसळून अंगावर आली की हात त्या पट्टीला लागतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. तिसरी मध्यम होती. ती त्यांनी दुकानातच उघडायला लावली. जाळी, प्लग, साखळी सगळं स्वतः काढलं, स्वतः बसवलं, मग पुन्हा काढलं. दुकानदार वैतागला. "अहो, दुरुस्तीला आम्ही बसलोय ना इथे!" दसरूभाऊ म्हणाले, "तुमी इथी बसले. झाड तिथी उभं आहे." तीच मशीन घेतली. हेल्मेट, हातमोजे आणि जाड बूट मी हट्टाने घ्यायला लावले. मे महिन्यात हेल्मेटवरून आमचं भांडण झालं. "डोक्यात भात शिजते, बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग भात शिजायच्या आत काम संपवा." त्यानंतर उन्हाळ्यात ते उजाडताच सुरू करत आणि दहाला मशीन बंद करत, मग फांदी अर्धी लटकत असली तरी. नाही, हे खरं नाही. अर्धी लटकती फांदी त्यांनी कधी सोडली नाही. दहाला संपेल एवढंच काम ते हातात घेत.

मी पुस्तकाचं मराठी करून, मोठ्या अक्षरात, एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं. त्यांना वाचायला वेळ लागे, पण एकदा वाचलेलं ते विसरत नसत. पुठ्ठ्यात नसलेलं त्यांनीच मला शिकवलं. साखळीची धार भुशावरून ओळखायची. "पोहे पडले पायजेत, बाई. पीठ पडलं का समजायचं, थांबा." मग ते आमच्या ओसरीवरच्या टेबलाशी बसत आणि गोल कानशीने एकेक दात घासत. प्रत्येक दाताला सारखेच घासे, गोंडीत पुटपुटत मोजलेले. काम कुठेही असो, आठवड्यातून एकदा ते येत, आणि चहाच्या आधी दोन्ही पंजे त्या टेबलावर उपडे ठेवत. मी मोजत असे. "दहा," मी म्हणायची. "दहा," ते म्हणायचे. मग चहा.

आता माझ्या चुकीबद्दल. एका थंडीत साखळीचं तेल संपलं आणि बाजारात मिळेना. हे तेल मशीनच्या टाकीतून आपोआप झिरपतं आणि पळत्या साखळीला ओलं ठेवतं. तेल नाही तर साखळी तापते. दसरूभाऊंना एका शाळेवर कललेलं झाड उतरवायचं होतं, त्याचा परवानाही हातात आला होता. मी पुस्तक उघडलं. अडीअडचणीला वनस्पतींचं ताजं तेल चालेल, असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं. मी विचारलं, "घरात कोणतं तेल आहे?" ते म्हणाले, "टोरीचं." म्हणजे मोहाच्या बियांचं, जे इकडे घरोघरी असतं. मी म्हटलं, "ते वनस्पतीचंच. चालेल." छापलेल्या शब्दावर माझा फार विश्वास… तुमच्या आजोबांनीही मला यावरून चिडवलं होतं. मोहाचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तीस वर्षं इथे राहून स्वयंपाकघरात ते रोज थिजलेलं पाहत होते. दसरूभाऊ तर जन्मापासून पाहत होते. पण पुस्तक मध्ये आलं, आणि आम्ही दोघंही ते विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरलेली आणि पातं कोरडं. धूर निघाला, पातं निळं पडलं आणि साखळी तुटून मागे उसळली. अशी साखळी अडवायला मशीनच्या पोटाशी एक छोटी खुंटी असते. तिने बरीचशी अडवली. दुपारी दसरूभाऊ माझ्याकडे आले आणि नेहमीसारखे पंजे टेबलावर ठेवले. उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं, लाल झालेलं. तेच म्हणाले, "दहा आहेत, बाई. एक जरा लाजून राह्यला." मी रडायला लागले. ते गडबडले. "काऊन रडता? तुमी वाचलं, मी ओतलो. अर्धं-अर्धं." मी म्हटलं, मैनाबाईला मी सांगते, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तिले नका सांगू. मशीन इकाले लावल." विकायला लावेल हे खरंच होतं. आणि मी सांगितलं नाही. फांदीचा ओरखडा आहे, असं तिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळद आणायला आत गेली.

अंगठा जुळला. नखाखाली एक आडवी रेघ राहिली. त्यानंतर इतक्या वर्षांत काही झालं नाही, पण मी निर्धास्त कधीच झाले नाही. पावसाळ्यात फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. ते सत्तरीला आले, मी थांबा म्हटलं, की म्हणायचे, "पीठ पडू द्या, मग थांबतो." या हिवाळ्यात छातीचं दुखणं निघालं आणि त्यांनी खाट धरली.

त्यांचं क्रियाकर्म आटोपल्यावर मी त्यांच्या गावी गेले. मैनाबाईने मशीन दाखवली. पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवली होती. सवयीने मी झाकण उघडून पाहिलं. पेट्रोलची टाकी कोरडी. तेलाची टाकी पुसलेली. साखळी सैल करून, तेल लावून, वेगळ्या फडक्यात. मी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात होती : 'मशीन बराच काळ वापरायची नसेल तर…' त्यांनी त्या ओळीतलं सगळं केलं होतं, एकही गोष्ट न गाळता. मैनाबाई म्हणाली, "खाट धराच्या आदल्या दिवशी करत बसले. म्या म्हटलं, बिमार मानूस, काऊन करून राह्यले? तं म्हने, पीठ पडून राह्यलं."

तेव्हा मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं. तेलाचं, पुस्तकाचं, ओरखड्याच्या खोटेपणाचं. इतकी वर्षं तुझ्यासमोर बसून चहा प्यायले, म्हटलं. ती ऐकत राहिली आणि मग चक्क हसली. "मले माहीत होतं, बाई. घरातलं टोरीचं तेल वाटीभर कमी झालं, तं बाईमान्साले समजत नाई का? अन् त्याच्या फडक्याले वास कायचा येत होता?" मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" "तुमी दोघंही असे भेलेले होते, का मनात म्हटलं, आता हे दोघं संभाळतीन." मग म्हणाली, "पन त्या दिवसापासून थंडीत तेलाचा डबा म्या धानाच्या कोठीत लपवून ठेवत होती. तुमचा काय भरोसा?"

मी उठताना तिने माझा हात धरला. "आंघोळ घालताना मोजले म्या," ती म्हणाली. "दहाच्या दहा. वापस भेटले मले, बाई."

तर मुलांनो, माझ्याकडची ठेव पोचली. आता मोजायचं कारण उरलेलं नाही, फोन वाजला की मी धावतही नाही. ओसरीवरच्या त्या टेबलावर तेलकट पंजांचे दोन डाग आहेत. त्यांच्या मधोमध मी चहाची कपबशी ठेवते. रविवारी मात्र फोन केलात की आधी हात दाखवा, दोन्ही, नीट पसरून. मी "दहा" म्हणेन. तुम्हीही म्हणा. मग बोलू.