उत्तरेचा उजेड

मास्तर दिवा लावायचे तो फक्त कुलूप शोधायला. चिंचपोकळीच्या आमच्या स्टुडिओत चर्चच्या खिडक्यांसाठी रंगीत काचा जोडल्या जायच्या, आणि उजेड कलला की मास्तर हातातली काच खाली ठेवायचे, मग शेवटचाच तुकडा बाकी का असेना. एकदा एका हॉटेलचा डेकोरेटर दिवेलागणीला उगवला. "लाइट लावा ना, पटकन बघतो," म्हणाला.

"लाइट लावला तर तुम्हाला लाइट दिसेल, काच नाही दिसणार. उद्या या," मास्तर म्हणाले. तो परत आला नाही. मास्तरांनी त्याची आठवणही काढली नाही.

इमारत मुद्दाम या कामासाठीच बांधलेली, इंग्रजांच्या काळात. उत्तरेची अख्खी भिंत साध्या काचेची, कारण त्या बाजूने ऊन थेट आत येत नाही आणि रंग दिवसभर एकसारखे दिसतात. छप्पर इतकं उंच की चर्चची खिडकी पूर्ण उभी करता यावी. भिंतीसमोर, दुसऱ्या टोकाला, लाकडी सज्जा. आम्ही तुकडे मेणाने एका मोठ्या काचेवर चिकटवून उजेडासमोर धरायचो आणि मास्तर सज्जात चढायचे. तिथे पूर्वी त्यांचे वडील उभे राहत. मूळचं मुंबईचंच ख्रिस्ती घराणं, बोलणं आमच्यासारखंच मराठी. वरून ओरडायचे, "सुधीर, तो लाल काढ मॅन, बोंबलतोय! आणि पिवळ्याला मागे घे, लग्नातल्या मामासारखा पुढे पुढे करतोय."

मी त्यांच्याकडे शिशाच्या पट्ट्यांनी तुकडे जोडायचो, आणि राहायचो स्टुडिओच्या उत्तरेलाच, बैठ्या कौलारू घरांपलीकडच्या चाळीत. आई तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेले, संडास गॅलरीच्या टोकाला. पावसाळ्यात मी तिला धरून न्यायचो. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी नुसता हो म्हणून थांबलो नाही. चाळ कमिटीत होतो, दारोदार फिरून अडलेल्यांना राजी केलं. त्या कौलारू घरांच्या जागेसकट टॉवर कुठे उभा राहणार, हे मला माहीत होतं. शेवटी मास्तरांना सांगायला गेलो तेव्हा ते काच पुसत होते.

"आपला उजेड जाणार, मास्तर."

"कितवा माळा मिळतोय?"

"एकोणिसावा."

"लिफ्ट?"

"दोन आहेत."

"आणि संडास घरात?"

"हो."

"मग तोंड पाडून काय उभा आहेस? फडकं घे."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

टॉवर चढला तसा स्टुडिओतला उजेड नुसता कमी नाही झाला, फसवा झाला. दुपारी टॉवरच्या खिडक्यांवरून ऊन उलटं आत यायचं. त्याच दिवसांत वसईकडच्या एका चर्चच्या खिडकीसाठी मेरीचा निळा झगा केला. बसवल्यावर आम्ही खाली उभं राहून पाहिलं. स्टुडिओत आकाशासारखा दिसलेला निळा तिथे ओल्या घोंगडीसारखा काळवंडला होता. फादर खूष होते, हात जोडत होते. मास्तर मला हळूच म्हणाले, "उजेड खोटं बोलला रे." 'आपला उजेड' असं आता ते म्हणाले नाहीत. झगा त्यांनी पदरचे पैसे घालून पुन्हा केला. त्यानंतर मोठं काम घेतलं नाही.

आमच्या नव्या घराच्या पूजेला ते कोट घालून आले. आईने त्यांना बाथरूमच्या टाइल्ससुद्धा दाखवल्या. "एकदम झकास, आई!" म्हणाले. स्वयंपाकघराला उत्तरेकडे रुंद खिडकी आहे. तिथला उजेड शांत, एकसारखा, भांड्याची सावलीसुद्धा मऊ पडते. मास्तर तिच्याकडे पाठ करून बसले आणि शिरा खात राहिले. मला राहवलं नाही. म्हणालो, "मास्तर, काचा इथे आणून निवडू या. रोज सकाळी या. मी मांडून ठेवतो."

त्यांनी बशी खाली ठेवली. वळून खिडकीकडे पाहिलं. डोळे सवयीने बारीक झाले, मग पुन्हा नेहमीसारखे.

"तुझ्या आईचं किचन आहे ते," म्हणाले. "तिला तांदूळ निवडू दे."

मास्तर आता नाहीत, स्टुडिओ बंद आहे. आई रोज सकाळी त्या खिडकीशी ताट घेऊन बसते. चष्म्याशिवाय खडे दिसतात म्हणून खूष असते. मी डबा घेतो आणि निघतो, तिथे फार वेळ थांबत नाही.