दस्तऐवजातलं मीट

परिचारिकांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला ती आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. नवरा घर सोडून निघून गेला होता आणि माहेरी भावजयीचं तोंड वाकडं होतं. पहिल्याच आठवड्यात ड्यूटी लांबलेल्या एका नर्सला उपाशी झोपावं लागलं, कारण ती येईल हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून भांडी झाकायच्या आधी ही बाई हातात डाव घेऊन थेट फाटकापर्यंत जायची आणि कुणी यायचं राहिलंय का ते पाहायची. म्हणून तिचं नाव पडलं डावबाई. खरं नाव हजेरीपटात होतं, तिथेच राहिलं.

तिनं जन्मात मांस खाल्लं नव्हतं. वडिलांच्या घरी ते शिजत नव्हतं आणि पुढे कधी वाटलंही नाही. पण वसतिगृहात आठवड्यातून दोनदा मांसाचा बेत असायचा आणि तो तीच रांधायची, चव न बघता. पातेल्यावरून वाफ हातानं नाकाकडे ओढायची आणि म्हणायची, "चिमूटभर मीठ कमी आहे." ते कमीच असायचं.

चौतीस वर्षं अशी गेली. मग उजवा खांदा आखडला. एके दिवशी उकळत्या डाळीचं पातेलं हातातून सुटलं. पायावर आलं नाही एवढंच. डॉक्टरांनी बजावलं, आता जड उचलायचं नाही. समितीनं स्वयंपाकघर ठेकेदाराला दिलं. त्यानं चार बायका कामाला लावल्या, आणि डावबाईचं काय करायचं हा प्रश्न व्यवस्थापकांच्या टेबलावर जाऊन पडला.

व्यवस्थापक नवे होते. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला धरून चालणारा. त्यांनी संस्थापकांचा जुना इंग्रजी दस्तऐवज काढला. त्यात एक कलम होतं, की पंचवीस वर्षं सेवा केलेल्या स्वयंपाक्याला संस्थेनं आमरण 'मीट, ड्रिंक आणि लॉजिंग' द्यावं. लॉजिंगचा प्रश्न नव्हता, स्वयंपाकघरामागची खोली तिचीच होती. ड्रिंक म्हणून त्यांनी नळाचं पाणी धरलं आणि आपल्या अधिकारात दोन वेळचा चहा जोडला. मीटपाशी ते बराच वेळ अडले. शेवटी दर रविवारी अर्धा किलो मांस द्यावं, असा हुकूम निघाला.

"साहेब, मी खात नाही हे," डावबाई म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पण लिहिलंय तेच द्यावं लागतं, बाई. जेवण लिहिलं असतं तर रोज ताट पाठवलं असतं."

ते मनापासून बोलत होते, त्यामुळे तिला भांडताही येईना.

रविवारी पुडकं आलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग डाव्या हातानं कसंबसं धुतलं, खोलीतल्या शेगडीवर शिजवलं आणि तापातून उठलेल्या एका नर्सला वाटीभर रस्सा नेऊन दिला. पुढच्या रविवारी दुसरीला. स्वतः मात्र चहात पाव बुडवून भागवायची. नर्सेसनी विचारलं तर म्हणायची, "झालं की माझं मघाशीच." इतकी वर्षं जिनं सगळ्यांना वाढलं, तिला हात पसरायची सवय नव्हती. भिंतीपलीकडून फोडणीचा वास यायचा, आणि पलीकडे काय करपतंय हे तिला बसल्या जागी कळायचं. ते ऐकायला मात्र कुणी येत नव्हतं.

आला तो एकच माणूस. शेजारच्या छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. छापखान्यात त्यांना कानामात्रा म्हणत, कारण त्यांच्या नजरेतून एक वेलांटी सुटायची नाही. दुपारचं जेवण ते वर्षानुवर्षं वसतिगृहाच्या खिडकीतून नेत. महिनाभर डावबाई खिडकीत दिसेना, म्हणून चौकशीला आले, तर ताटलीत पाव आणि खिडकीत मांसाचं पुडकं.

"ताई, हा काय प्रकार आहे?"

तिनं आढेवेढे घेत सांगितलं. त्यांनी कलमाची नक्कल मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि मोठ्यानं हसले. मग तिच्याकडे पाहून त्यांनी हसू आवरलं.

त्यांनी समजावलं ते असं. मीट म्हणजे मांस हा अर्थ नंतरचा. मूळ शब्दाचा अर्थ नुसता अन्न, माणसाच्या तोंडी जाईल ते सगळं. मांसाला तेव्हाचे इंग्रज फ्लेश म्हणत. दूध-लोण्याला पांढरं मीट म्हणत, पालेभाजीला हिरवं मीट, आणि मिठाईला स्वीटमीट म्हणतात ते अजून. खोबऱ्याला, अक्रोडाच्या गराला आजही मीटच म्हणतात. हळूहळू तो शब्द आक्रसत मांसापुरता उरला, जसा आपल्याकडे मृग म्हणजे आधी कुठलंही जनावर होतं आणि मग नुसतं हरीण झालं. पण करारात जुने शब्द टिकून राहतात. शिकाऊ कारागिराला घरी ठेवून घेताना मालक लिहून द्यायचा, मीट, ड्रिंक आणि लॉजिंग. म्हणजे जेवणखाण आणि राहायला जागा.

डावबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या चहापाण्यासारखंच की. चहापाण्याला बोलावलं म्हणून कुणी पाण्याचा तांब्या पुढे ठेवून मोकळं होत नाही."

कानामात्रा नक्कल घडी करून उठले. म्हणाले, समितीपुढे हेच सांगा.

समितीची बैठक महिन्याच्या शेवटी होती. कानामात्रा दोन्ही हातांत मावेल न मावेल असा शब्दकोश घेऊन आले, पण त्यांनी सुरुवातच हजार वर्षांपूर्वीपासून केली. सभासद घड्याळाकडे बघू लागले, तसे ते आणखी गडबडले. तेव्हा डावबाई उठली.

"मला इंग्रजी येत नाही," ती म्हणाली. "पण तुमच्या आजोबांना मी जेवायला वाढलंय." हे अध्यक्षबाईंना उद्देशून होतं, त्या संस्थापकांची नात. "शेवटची दोन वर्षं ते इथेच जेवायचे. त्यांना दात नव्हते, मऊ भात आणि दूध खायचे. त्यालाही ते मीटच म्हणत असतील, तर मला तेवढंच द्या."

 व्यवस्थापकांनी शब्दकोश आपल्याकडे ओढला आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. पानभर वाचलं, पुन्हा वरून वाचलं. मग कोश मिटून म्हणाले, "चूक माझी आहे. मी अर्थ विचारायला हवा होता."

अध्यक्षबाईंनी कलम सरळ मराठीत लिहायला सांगितलं, दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा आणि खोली. विषय संपला असं वाटून सगळे कागद आवरू लागले. डावबाई उभीच होती.

"आता आत चारजणी रांधतात," ती म्हणाली. "त्या ठेकेदाराच्या, संस्थेच्या नाहीत. त्यांचा खांदा गेला तर त्यांना कुठलं कलम?"

यावर पुष्कळ बोलणं झालं. ठेकेदार बदलतात, माणसं बदलतात, कुणाकुणाची जबाबदारी घ्यायची, असं एका सभासदाचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी निर्णय झालाच नाही. पुढच्या बैठकीत अर्धामुर्धा झाला. ठेकेदार कुणीही असो, त्याच स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं काढणारीला हे लागू राहील, असं ठरलं. डावबाईला वर्षं कमी करून हवी होती. ती काही झाली नाहीत.

पहिल्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी ती जेवणघरात जाऊन बसली होती. चौतीस वर्षांत तिथल्या बाकावर ती पहिल्यांदाच बसत होती, आणि हात कुठे ठेवावेत हेच तिला कळेना. चौघींपैकी सगळ्यात धाकटीनं समोर ताट आणून ठेवलं आणि तिथेच घुटमळली.

डावबाईनं पहिला घास घेतला. आमटी अळणी होती.

"कशी झालीय?" त्या बाईनं हळूच विचारलं.

"बस इथे," डावबाई म्हणाली, "आणि आधी तू जेवलीस का ते सांग."

ती जेवली नव्हती. डावबाई बाकावर थोडी सरकली आणि तिला जागा करून दिली.