सर्वांना समजणारे इंग्रजी

अन्यायग्रस्त: कुमारी रंजना मढवी, राहणार शिरवणे, आगरी-कोळ्यांचे गाव. विरुद्ध पक्ष: सानपाड्यातील आमच्या सोसायटीचे चाळीस सभासद. काळ: नव्वदीची मधली वर्षे, गणपतीआधीचे दिवस. साक्षीदार: निम्नस्वाक्षरीकार अर्जलेखक, म्हणजे मी.

रंजनाताई आमच्या भागातील केबलवर रोज सायंकाळी इंग्रजीतून स्थानिक बातम्या वाचीत. लहानपणापासून रेडिओवरील इंग्रजी बातम्या ऐकून त्यांनी उच्चार कमावले होते. बातमी आधी त्या आपल्या निरक्षर आईला वाचून दाखवीत आणि आईच्या कपाळाला आठी पडली की ते वाक्य पुन्हा घोळवून सोपे करीत. म्हणत, "ऐकनाऱ्याला समजला पायजे, नायतर वाचायचा कशाला?"

नेमके तेच त्यांना भोवले. सोसायटीच्या सभेत सचिव दातारसाहेब कडाडले, "अहो, हिचं इंग्लिश आमच्या मिसेसलासुद्धा कळतं! हे काय इंग्लिश झालं? ती परदेशी चॅनेलवरची बाई बघा. एक शब्द कळत नाही, पण काय क्लास वाटतो!" सभा खो खो हसली. त्याच आठवड्यात बातम्या चालू असताना कोणीतरी केबलच्या ऑफिसात फोन लावून विचारले, "बाय, कोळंबी कशी दिली?" फोन त्यांच्याच टेबलावर होता आणि उचललाही त्यांनीच होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि अर्धे राहिलेले वाक्य पूर्ण केले.

तक्रार अर्ज मी लिहिला. "सदर वाचिकेचे इंग्रजी सर्वांस समजते, सबब ते अस्सल नाही," हे वाक्य माझे. त्याचा मला तेव्हा अभिमान होता. चाळीस सह्या झाल्या आणि केबलवाल्याने त्यांना काढले.

जागी आला दातारांचा भाचा, सहा महिने अमेरिकेत राहून आलेला. एके सायंकाळी त्याने नाकातून काहीतरी वाचले. पिण्याच्या पाण्यात गटार मिसळले आहे, पाणी उकळून प्या, अशी ती सूचना होती. आम्ही माना डोलावल्या आणि तेच पाणी प्यालो. दोन दिवसांत निम्मी सोसायटी जुलाबांनी आडवी झाली. सलाइन लावलेले दातार म्हणाले, "काही म्हणा, उच्चार मात्र फर्स्ट क्लास!" भाच्याविरुद्ध अर्ज लिहून घ्यायला कोणीही आले नाही.

आल्या त्या रंजनाताई. "माजा काय चुकला, ता सोसायटीकडून लिवून मागा," म्हणाल्या. मी अर्ज लिहिला. त्यांनी पिशवीतून आधीच्या तक्रारीची प्रत काढून त्याच्या शेजारी ठेवली.

"दोनी अक्षर तुमचाच हाय, भाऊ. वळन चांगला हाय."

सही करून त्या निघून गेल्या. पुढे लग्न होऊन कामोठ्याला गेल्या. त्यानंतर त्यांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्दही कोणी ऐकला नाही, अगदी आईनेही.

सदर अर्ज आजतागायत अनुत्तरित आहे. तरी चाळीसही सभासदांना, तसेच मसुदा लिहिणाऱ्या मला, विनंती की रंजनाताईंच्या वाचनातील एक तरी चूक लेखी दाखवावी. ती दाखवता येत नसल्यास तसे लेखी कळवावे. उत्तर कामोठ्याच्या पत्त्यावर द्यावे.