त्रिकोणांत घुसलेल्या फुल्या

नव्वदीच्या दशकात आमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यापुढे ठाण मांडून बसणारी मीच. पीएच.डी.साठी तीन गावांच्या विहिरींचा आलेख हवा होता: आडव्या अक्षावर विहिरीची खोली, उभ्या अक्षावर उन्हाळ्यातलं पाणी, दर विहिरीला एक खूण. फ्लॉपीवर आलेख काढणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, मिळाली होती. गावाचं नाव वाचून ती आपणच खुणेचा आकार ठरवायची. सिरसाळ्याला गोल, दिंद्रुडला चौकोन, धारूरला त्रिकोण.

पडद्यावर मात्र धारूरचे निम्मे त्रिकोण गायब आणि त्यांच्या जागी फुल्या! मी लायब्ररीला ज्या शिव्या दिल्या त्याही फुल्याफुल्यांच्याच होत्या. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "खुणाच भरवशाच्या नाहीत, तर आकडे कसे मानायचे? सोमवारपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर धारूरचं प्रकरण गाळा." मला रडूच कोसळलं. दोन उन्हाळे मी आणि तिथल्या शाळेतल्या गुरुजींनी विहिरींत दोरी सोडून ती मापं घेतली होती.

पण रडताना कुतूहलही सुटेना. एकाच आकाराच्या फार खुणा झाल्या की लायब्ररी बिघडते का? सिरसाळ्याच्या विहिरी दुप्पट करून पाहिल्या, सगळे गोलच आले. मग दिंद्रुड काढून टाकलं. लगेच त्रिकोणांचे चौकोन झाले आणि फुल्यांचे त्रिकोण. म्हणजे ती नावं येतील तसे ओळीनं आकार वाटत होती, आणि तिच्या लेखी चौथं गाव होतं! कुठलं, ते बघायला यादी उघडणार तोच वीज गेली.

वैतागून एसटी स्टँडवर आले. कंडक्टर ओरडत होता, "किल्ले धारूर! चला, किल्ले धारूर!"

मी थबकले. "म्हणजे धारूरच ना?"

"मग काय बाई, दोन धारूर हाइत का?"

"कॉम्प्युटरात हाइत," मी म्हणाले आणि भर स्टँडवर खदखदून हसले.

माझ्या कागदांत धारूर, गुरुजींच्या वहीत किल्ले धारूर. नजर आकड्यांवर ठेवून दोन्ही नावं टाइप केली होती मीच.

नाव एकच केलं आणि सोमवारी सरांपुढे सगळे त्रिकोण ठेवले. ते म्हणाले, "ठेवा धारूरचं प्रकरण."

प्रबंधात मी सगळीकडे किल्ले धारूर असंच लिहिलं. गुरुजींनी पहिल्या दिवसापासून गावाचं नाव पुरं लिहिलं होतं. अर्धं सोडून दिलं होतं ते मी.