रेवणप्पांची उदबत्ती

परभणीत जिंतूर रोडला रेवणप्पांचं गॅरेज होतं. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं इंजिनावर फिरवत ते गाडीचं दुखणं ऐकायचे. बायको भागम्मा गेल्यानंतरच्या वर्षी त्यांना कमी ऐकू यायला लागलं. गिऱ्हाइकं दोनदा सांगायची, मग वैतागायची, मग पुढच्या गॅरेजात जायची. सोलापूरचा मुलगा म्हणायचा, बंद करा, इकडे या. तिथे एकदा राहून आले होते ते. घरात सगळे बोलायचे, हसायचे. काय झालं विचारलं की सून म्हणायची, ‘काही नाही, मामा.’

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात पेडगावचे दिनकरराव जुनी ॲम्बेसेडर घेऊन आले. नांदेडहून नुकतीच घेतलेली. उभी केली की थरथरायची आणि बंद पडायची.

“राम राम अप्पा! दोन मिस्त्र्यांनी कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले. गुण न्हाई,” दिनकरराव कानाशी ओरडले. “तुमाला ऐकू येतंय का आता? का मीच दुसरीकडं जाऊ?”

“बसा,” अप्पा म्हणाले.

गाडी कुठून तरी हवा ओढत होती, एवढं त्यांनी ओळखलं. पण कुठून? नळी लावली. पूर्वी अशी बारीक शिट्टी लगेच सापडायची. आज नळीत काहीच नव्हतं. त्यांनी नळी पुसली, कान बदलला. हे सापडलं नाही तर सोलापूरच, असं त्यांनी मनाशी धरलं आणि तसेच उभे राहिले. समोर मन्मथस्वामींच्या तसबिरीपुढे सकाळची उदबत्ती जळत होती. तिचा धूर दाराच्या फटीकडे ओढला जात होता.

ते बराच वेळ धुराकडे पाहत राहिले.

मग सांडलेलं पेट्रोल पुसून काढलं, ओलं पोतं जवळ ठेवलं. वाऱ्यानं धूर उडू नये म्हणून इंजिनाच्या पंख्याचा पट्टा उतरवला, दिनकररावांना इंजिन चालू करायला खुणावलं आणि ते उदबत्ती उचलून इंजिनाभोवती फिरवू लागले.

“अप्पा, दुरुस्त करायलाव का ओवाळायलाव?”

अप्पांना ते ऐकू गेलं नाही. धूर सरळ वर चालला होता. कार्बोरेटरच्या बुडाशी येताच तो वाकला आणि आत शिरला.

इंजिन निवाल्यावर त्यांनी कार्बोरेटर उतरवला. खाली कुणीतरी सायकलच्या ट्यूबचं पॅकिंग कापून घातलं होतं. पेट्रोलनं ते फुगून एका बाजूला सरकलं होतं. अप्पांनी जाड कागद कार्बोरेटरच्या बुडावर ठेवला, हातोडीनं कडा ठोकत नवं पॅकिंग कापलं, बसवलं, नट आळीपाळीनं आवळले, पट्टा चढवला.

“लावा.”

मडगार्डवर तळहात ठेवून ते थांबले. थरथर नव्हती.

दिनकरराव उतरले, काहीतरी लांबलचक बोलले, हसले. अप्पा जरा उशिरा हसले. काय म्हणाले, ते त्यांनी विचारलं नाही. दिनकररावांनी पाठीवर थाप मारली आणि ते गेले.

गाडी वळली तरी अप्पा रस्त्यावरच उभे होते. मग आत येऊन रिकाम्या बाकड्यापुढे मोठ्यानं म्हणाले, “न्हाई जायचं सोलापूरला.”

स्वतःचा आवाज त्यांना छातीत तेवढा जाणवला. ते बाकड्यावर बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले.